त्या याद्यांमध्ये शाळा कमी आणि घरं जास्त दिसतात

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही आयटीत आहोत. मुलगी इथल्या पब्लिक, म्हणजे सरकारी हायस्कूलमध्ये बारावीत आहे. डिसेंबरमध्ये तिच्या पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाने तिला 'डिफर' केलं, म्हणजे ना होकार, ना नकार. रटगर्स आणि पर्ड्यूकडून प्रवेश मिळाला आहे. बाकी सगळे मोठे निकाल मार्चअखेर येतील. तोवर आमचा जीव टांगणीला लागला आहे.

इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा प्रायव्हेट शाळेत आहे. तिने त्या शाळेची कॉलेज लिस्ट पाठवली, म्हणजे तिथल्या किती मुलांची कुठल्या विद्यापीठात वर्णी लागली त्याची यादी. एकेका आयव्ही विद्यापीठासमोर (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित खासगी विद्यापीठं) सात, नऊ, अकरा असे आकडे आहेत. आमच्या शाळेतून गेल्या वर्षी सगळ्या आयव्हींत मिळून तीन मुलं गेली. तेव्हापासून मी रात्री बसून आसपासच्या शाळांचा एक्सेल तक्ता करते आहे. परवा तो लॅपटॉपवर उघडा राहिला आणि मुलीने पाहिला. ती काही बोलली नाही, खोलीत निघून गेली.

धाकटा सातवीत आहे. त्याला नववीपासून त्या प्रायव्हेट शाळेत घालावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. फी वर्षाला ४५ हजार डॉलर. तो म्हणतो, कर्ज काढू. पुण्याहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, लागला का निकाल? आम्ही मुलीचं नुकसान केलं का? आणि धाकट्याच्या बाबतीत तीच चूक टाळायला त्याला हलवावं का?
— एक आई

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. मुलीला पब्लिक शाळेत ठेवून तुम्ही तिचं नुकसान केलेलं नाही. हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. ज्या यादीवरून तुम्ही स्वतःला दोषी ठरवलंत ती यादी नीट वाचली तर तुम्हालाही हेच दिसेल. म्हणून आज जरा आकड्यांत शिरते.

मैत्रिणीने पाठवलेल्या यादीच्या वरची किंवा खालची बारीक ओळ वाचलीत का? अशा याद्या बहुतेक वेळा एका वर्षाच्या नसतात. तीन, चार, कधी पाच वर्षांच्या मुलांची एकत्र बेरीज असते. चार वर्षांत सात मुलं म्हणजे वर्षाला दोनही भरत नाहीत, आणि तुम्ही त्या सातांची तुलना स्वतःच्या शाळेच्या एका वर्षाशी करता आहात. दुसरं, यादी प्रवेश मिळालेल्यांची आहे की प्रत्यक्ष तिथे शिकायला गेलेल्यांची? एकाच मुलीला पाच ठिकाणी प्रवेश मिळाला, तर पहिल्या प्रकारच्या यादीत ती पाच वेळा मोजली जाते. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं : अर्ज किती जणांनी केले? तुमच्या तक्त्यात अंश आहे, छेद कुठेच नाही. सात जण निवडले गेले ते दहातून की सत्तरातून, हे कळल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही.

छेदासकट आकडे जाहीर करण्याचं एक चांगलं उदाहरण या देशात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ दरवर्षी शाळेगणिक माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवतं : अमुक हायस्कूलमधून किती अर्ज आले, किती निवडले, किती दाखल झाले. कुणीही बघावं. खासगी विद्यापीठं असं करत नाहीत आणि प्रायव्हेट शाळाही करत नाहीत. जी शाळा पालकांकडून वर्षाला ४५ हजार डॉलर मागते, तिने निदान प्रवेशाच्या भेटीत तोंडी तरी हे सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या सातांकडे बघू. ही कोणाची मुलं? प्रवेश देताना वंश विचारात घेण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेला खटला तुम्हाला आठवत असेल, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला. त्या खटल्यामुळे एरवी कधी बाहेर न येणारी माहिती उघड झाली. तिच्यावर अर्थतज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात दिसलं की त्या काळात हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण चार गटांतले होते : खेळाडू म्हणून निवडलेले, आईवडील तिथेच शिकलेले, डीनच्या खास यादीतले (बहुधा देणगीदारांशी संबंध असलेले), किंवा तिथल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं. आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांमध्ये हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होतं.

अशी घरं कुठल्या शाळांत जास्त असतात हे तुम्हाला सांगायला नको. लहानपणापासून स्क्वॉश, रोइंग, फेन्सिंग शिकवणारी, आजोबांपासून एकाच विद्यापीठात जाणारी. त्या मुलांना तुमच्या पब्लिक शाळेत बसवलं असतं तर त्यांच्यापैकी बरीचशी तरीही तिथेच पोचली असती, आणि मग तुमच्या शाळेची यादी लांब दिसली असती. उलट तुमच्या मुलीला त्या शाळेत बसवलं असतं, तर तिचे आईवडील तेच राहिले असते : या देशात पहिल्या पिढीत आलेले, इथल्या कुठल्याच विद्यापीठाचे वारस नसलेले. ती यादी वाचताना शाळेचं काम म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं शाळेत येण्याआधीच घरी घडलेलं असतं.

शाळेचा स्वतःचा परिणाम किती, हे वेगळं काढून पाहण्याचा प्रयत्न झालेला आहे. बॉस्टन आणि न्यू यॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत, न्यू यॉर्कची स्टायव्हेसंट तुम्ही ऐकली असेलच. संशोधकांनी कटऑफच्या रेषेच्या जेमतेम वर राहून आत गेलेली मुलं आणि जेमतेम खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची तुलना केली. म्हणजे बुद्धीने, तयारीने जवळजवळ सारखी, फक्त शाळा वेगळी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत, एक अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांचा आणि दुसरा डॉबी आणि फ्रायर यांचा, नामांकित शाळेत गेल्याने चाचण्यांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. दुसऱ्या अभ्यासात कॉलेजला जाण्याच्या प्रमाणातही नाही. त्या शाळांच्या याद्या मात्र दिपवून टाकतात. दिपवणारच, कारण आत जाणारी मुलं आधीच निवडलेली असतात.

पण प्रायव्हेट शाळेचा काहीच फायदा नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. फायदा आहे, आणि तो मुख्यतः काउन्सेलरच्या, म्हणजे कॉलेजच्या अर्जांत मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या समुपदेशकाच्या टेबलावर आहे. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन २५० विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर असावा असं सांगते; देशाची सरासरी त्याहून बरीच वाईट आहे. महागड्या शाळांत एका काउन्सेलरकडे मोजकी मुलं असतात. तो मुलाला ओळखतो, शिफारसपत्र मन लावून लिहितो. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही आणि तत्सम बारा विद्यापीठांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं या विद्यापीठांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. कारणं तीन सापडली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासेतर गोष्टींना दिलेलं वरचं मानांकन. यातलं तिसरं थोडंफार शाळेशी निगडित आहे, पहिली दोन नाहीत. तेव्हा फायदा आहे, पण तो यादीतल्या सात, नऊ, अकरा या आकड्यांएवढा नाही.

शिवाय शाळा बदलली की मोजपट्टीही बदलते. मुलीच्या ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे गुणपत्रकाबरोबर, काउन्सेलर 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो. शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, किती विषय आहेत, मुलांना साधारण कसे गुण मिळतात, किती जण चार वर्षांच्या कॉलेजला जातात, हे सगळं त्यात असतं. अर्ज वाचणारा अधिकारी त्या भागातल्या शाळा वर्षानुवर्षं वाचत आलेला असतो आणि 'हिच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातून हिने काय घेतलं' असं पाहतो. काही राज्यांत तर हे उघड नियमातच आहे. टेक्सासने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत हक्काचा प्रवेश दिला. ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ती रेषा नंतर आणखी वर सरकली, पण तत्त्व तेच राहिलं. कॅलिफोर्नियातही आपल्या शाळेच्या पहिल्या नऊ टक्क्यांत येणाऱ्यांसाठी व्यवस्था आहे. अशा ठिकाणी अतिहुशार मुलांच्या शाळेत पंचविसावं येण्यापेक्षा साध्या शाळेत तिसरं येणं जास्त उपयोगाचं पडतं. तुमची मुलगी तुमच्या शाळेत वर कुठेतरी असणार, नाहीतर हे निकाल पाहण्याची वेळच आली नसती. त्या वरच्या जागेमागे चार वर्षांची तिची मेहनत आहे.

आणि ज्या दारांशी ती उभी आहे ती किती अरुंद आहेत हेही एकदा आकड्यांत पाहा. २०२४ मध्ये हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. शंभरात चारही नाहीत. त्याच खटल्याच्या निकालपत्रात आणखी एका वर्षाचा तपशील आहे : २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचसाठी देशातून सुमारे २६ हजार अर्ज होते, त्यांत ८ हजारांहून जास्त मुलांचा जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) पैकीच्या पैकी होता आणि सुमारे ३,४०० जणांना सॅटच्या गणितात पूर्ण गुण होते. जागा दोन हजारांच्या आत. म्हणजे निवड करणाऱ्यांना अगदी प्रामाणिकपणे काम करायचं म्हटलं तरी हजारो पूर्ण लायक मुलांना 'नाही' म्हणावंच लागतं. तुमच्या मुलीला नकार आलाच, तर तो या गर्दीत आलेला असेल. शाळा निवडण्यात तुम्ही काय केलंत याच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

आता त्या तक्त्याबद्दल, आणि इथे मला तुमच्याशी जरा कडक बोलायचं आहे.

सतरा वर्षांच्या मुलीने आईच्या लॅपटॉपवर तिच्या शाळेची आणि इतर शाळांची तुलना पाहिली. तुमच्या डोक्यात तो तक्ता म्हणजे 'आम्ही चुकलो का' हा प्रश्न होता. तिने काय वाचलं असेल? आई रात्र रात्र जागून हे शोधते आहे की माझ्याऐवजी अजून यशस्वी मुलगी कशी झाली असती. निकाल यायच्या आधीच घरात निकाल लागला आहे असं तिला वाटलं असेल. म्हणून ती काही बोलली नाही.

हे असंच राहू देऊ नका. आज किंवा उद्या, दोघीच असताना, गाडीत असलात तर उत्तमच, कारण गाडीत समोरासमोर बघावं लागत नाही, तिला सांगा : "तू तो तक्ता पाहिलास हे मला माहीत आहे. आपण तुझ्यासाठी पुरेसं केलं की नाही या भीतीने मी तो करत बसले. तुझ्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. मी ते आता थांबवलंय." आणि खरंच थांबवा. 'पण' जोडू नका. "पण तू एसे थोडा आधी लिहायला घेतला असतास तर" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ती काहीच बोलली नाही तरी चालेल. रडली तर रडू द्या. चिडली तर तेही ऐकून घ्या, तिला चिडायचा हक्क आहे.

हे मी इतक्या कळकळीने का सांगते आहे? दिवंगत मानसशास्त्रज्ञ सुनीया लुथार यांनी अनेक वर्षं सुखवस्तू घरांतल्या आणि फार चढाओढीच्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास केला. चिंता, नैराश्य आणि व्यसनं यांचं प्रमाण या मुलांत देशाच्या सरासरीपेक्षा लक्षणीय जास्त आढळतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या अहवालाने अशा उच्च कामगिरीच्या शाळांतल्या मुलांना जोखमीच्या गटांमध्ये धरलं. चांगल्या वस्तीतली, चांगल्या शाळेतली, आपल्यासारख्यांची मुलं ही. तिची झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं याकडे लक्ष ठेवा. "कशालाच अर्थ नाही", "मी नसते तर बरं झालं असतं" असलं काही तिच्या तोंडून आलं तर निकालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करा. ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो, फोनही करता येतो आणि मेसेजही. तुमच्या पत्रावरून वेळ तिथवर आली आहे असं मला वाटत नाही, पण नंबर माहीत असावा.

निकालाच्या संध्याकाळचं थोडं ठरवून ठेवा. आयव्ही विद्यापीठं मार्चच्या शेवटी एकाच संध्याकाळी, बहुधा ईस्टर्न वेळेने सातला, निकाल पोर्टलवर टाकतात. काही मिनिटांत पाच-सहा दारं एकदम उघडतात किंवा बंद होतात. तिला आधीच विचारा : तुला एकटीला बघायचं आहे की आम्ही हवे आहोत? ती म्हणेल ते. तिच्या पोर्टलचे पासवर्ड तुमच्याकडे असतील तर ते वापरू नका. निकाल तिचा आहे, तो आधी तिने पाहायचा. मोबाइलवर व्हिडिओ काढू नका, नवऱ्यालाही सांगा. धाकट्याला त्या संध्याकाळी मित्राकडे पाठवता आलं तर पाठवा, कारण त्याच्या वयाची मुलं सगळं बघत असतात आणि बहिणीच्या निकालावरून घराची किंमत कशात मोजली जाते ते शिकत असतात.

नकार आला तर तिला काय म्हणायचं याची चिंता करू नका, थोडंच बोला. "वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. मी इथेच आहे." इतकं पुरेसं आहे. "नुकसान त्यांचंच" किंवा "जे होतं ते भल्यासाठी" ही वाक्यं त्या रात्री नकोत. दुःख लवकर आवरतं घे, असंच तिला त्यातून ऐकू येतं. आणि "रटगर्स तर आहेच" हे तर अजिबात नको. तुमच्या घरात हे आधीच बऱ्याचदा म्हटलं गेलं असेल अशी मला शंका आहे.

त्या 'तर आहेच'वर थोडं थांबते. रटगर्सची स्थापना १७६६ सालची, या देशाच्या जन्माआधीची. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये रटगर्सच्याच प्रयोगशाळेत सापडलं. त्यासाठी सेलमन वॅक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत किती घरांत त्या औषधाने माणसं वाचली असतील. नील आर्मस्ट्राँग पर्ड्यूचा पदवीधर. तुमच्या मुलीने ही दोन दारं स्वतःच्या बळावर उघडली आहेत आणि घरात अजून कुणी तिचं नीट अभिनंदनही केलेलं नसावं. निकालाआधीच ते करा, नंतर केलंत तर ते सांत्वन वाटेल.

पैसा आणि पुढचं आयुष्य यांचं काय, हे नवरा विचारेलच. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी हा प्रश्न हुशारीने तपासला; त्यांचा लेख २००२ मध्ये आला. सारख्याच विद्यापीठांत अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या मुलांची तुलना केली, तर अधिक नामांकित ठिकाणी गेलेल्यांची पुढची सरासरी कमाई फारशी वेगळी निघाली नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र फायदा दिसला. चेट्टींच्या अभ्यासातही सरासरी कमाईत ठळक फरक नाही. पण अगदी वरच्या एक टक्का उत्पन्नात जाण्याची किंवा नामांकित पदव्युत्तर विद्यापीठात, बड्या फर्ममध्ये शिरण्याची शक्यता त्यात बरीच वाढलेली दिसते. दोन्ही गोष्टी तुमच्यापुढे ठेवते. वरच्या टोकाला फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुमच्या मुलीला ते टोक हवं आहे का, हे तिला कुणी विचारलं आहे का?

वेटलिस्ट आली, तर ती होकार समजू नका आणि लगेच नकारही समजू नका. तिला अजून तिथे जायचं असेल तर पोर्टलवर जागा राखून ठेवायची, विद्यापीठ स्वीकारत असेल तर एक पानाचं साधं पत्र तिनेच लिहायचं, आणि १ मेच्या आत दुसऱ्या ठिकाणी डिपॉझिट भरून टाकायचं. एका वर्षी वेटलिस्टवरून शेकडो जणांना घेतलं जातं, दुसऱ्या वर्षी बोटावर मोजण्याइतक्यांना. विद्यापीठाच्या 'कॉमन डेटा सेट'मध्ये मागच्या वर्षांचे आकडे मिळतात, पण या वर्षीचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. डिफर झालेल्या अर्जाचं आता काही करायचं उरलेलं नाही. सहामाहीचे गुण गेले, वाचणाऱ्यांनी वाचले. या टप्प्यावर कुणी सल्लागार पैसे घेऊन 'फॉलो-अप' करून देतो म्हणाला तर देऊ नका. वर्षअखेरचे गुण मात्र टिकवायला सांगा, प्रवेश त्या अटीवरच असतो.

सासूबाईंचा प्रश्न सोपा आहे. नवऱ्याने एकदा फोन करून सांगावं : "आई, सगळं १ मेपर्यंत ठरेल. ठरलं की तुझी नात स्वतः फोन करेल. तोवर तिला विचारू नकोस, तिला ताण येतो." हे काम नवऱ्याचंच आहे, तुम्ही करू नका. मंडळाच्या ग्रुपवरही बातमी मुलगी म्हणेल तेव्हाच, म्हणेल तेवढीच. मैत्रिणीच्या मुलाचे निकालही त्याच आठवड्यात येतील, आणि यादी कितीही लांब असली तरी त्या घरातही कदाचित एक नकार येईल. तेव्हा तिला तुमची गरज पडेल, तुलनेची नाही.

आता धाकटा. तो सातवीत आहे म्हणजे निर्णयाला वर्षभर आहे, आणि निकालाच्या आठवड्यात हा विषय घरात काढूच नका. मुलीच्या कानावर पडलं तर त्याचा एकच अर्थ होतो : तिच्या बाबतीत जमलं नाही, आता याच्या बाबतीत तरी. एप्रिल संपला की शांतपणे बसा.

तेव्हा त्या शाळेत जा आणि यादी बाजूला ठेवून विचारा. वर्गात किती मुलं? एका काउन्सेलरकडे किती? गणित कुठवर शिकवतात? गेल्या एका वर्षात, चार नव्हे, एका वर्षात, वर्गातली मधली मुलं कुठे गेली? वरची पाच कुठे गेली ते त्या भिंतीवर लावतातच. तुम्ही मधल्या तीस मुलांबद्दल विचारा. यादीतल्यांपैकी किती जण खेळाडू म्हणून किंवा माजी विद्यार्थ्यांची मुलं म्हणून निवडले गेले, हेही विचारा. उत्तर कदाचित मिळणार नाही, पण विचारल्यावर समोरचा कसा बोलतो ते बघा. न्यू जर्सीत काउंटीच्या मॅग्नेट शाळाही आहेत, म्हणजे ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या, निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा, त्यांना फी नाही. आठवीत अर्ज करायचा असतो, म्हणजे त्याची वेळ अजून गेलेली नाही. मुलाला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची खरी ओढ असेल तर त्या आधी पाहा. ओढ नसेल तर पाहू नका.

प्रायव्हेट शाळेत घालायला चांगली कारणं असू शकतात. मुलगा सध्याच्या शाळेत हरवल्यासारखा असेल, त्याला छोटा वर्ग मानवत असेल, वाचनात किंवा लक्ष लागण्यात अडचण असेल आणि तिथे खरंच मदत मिळत असेल, तर जरूर विचार करा, परवडत असेल तर घाला. एका यादीतल्या सात मुलांसाठी मात्र नको. चार वर्षांचे १ लाख ८० हजार डॉलर होतात, फी वाढली नाही असं धरून. कर्ज काढून ते भरलेत तर त्या मुलाच्या पाठीवर नववीच्या पहिल्या दिवसापासून एक ओझं बसेल, कुणी बोललं नाही तरी बसेल. आणि तो कॉलेजला जायच्या वयात येईल तेव्हा तुमच्या हातात त्याच्या कॉलेजसाठीचे पैसे कमी असतील. तुमच्या दोघांच्या निवृत्तीचे, मुलीच्या चार वर्षांचे आणि त्याच्या चार वर्षांचे आकडे एकत्र मांडून बघा. नवरा कर्जाबद्दल बोलतो आहे, ते त्याचं मुलांवरचं प्रेम आहे, हे मला कळतं. तुम्हालाही कळतं. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्याआधी हे आकडे त्याच्यासमोर ठेवा, आणि मुलाला त्याच्या शाळेबद्दल काय वाटतं ते त्यालाच विचारा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल फी आणि इयत्ता सोडून एकही गोष्ट नाही.